डाव्या अंगाला तुम्ही

दशरथभाऊ,

तुमच्या दहाव्याला घाटावर माझ्या हातात माईक दिला, तेव्हा मी जे बोललो ते ऐकून तुम्ही मोठ्यानं हसला असतात. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. प्रवचन आटपत आलेलं असतं, पिंडाकडं कावळा फिरकायची वाट बघणं चालू असतं, आणि तेवढ्यात एकेक जण श्रद्धांजलीला उठतो. सोसायटीचे चेअरमन बोलले, माजी सरपंच बोलले, ज्यांनी तुम्हाला आयुष्यात कधी चहा विचारला नाही तेही गळा काढून बोलले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरला द्या की. साडू व्हते, रोजचे बरोबरीचे." मी उठलो. म्हणालो, दशरथभाऊ खेळाडू वृत्तीचे होते, पोरांना लाजवतील असा व्यायाम करत होते, काळानं अचानक झडप घातली.

त्यातलं 'अचानक' खोटं होतं. खाली बायकांच्यात बसलेल्या तुमच्या शैलाताईंनी तो शब्द ऐकून मान हलवली, जणू मी त्यांच्याच मनातलं बोललो. मी माईक पुढच्याला दिला आणि चपला शोधायला लागलो.

मी मुळात कमी बोलणारा. कॉलेजात भूगोल शिकवतो तेवढंच माझं बोलणं. घरी आलो की मंदा टीव्ही लावते, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. तुम्ही होतात तोवर माझ्या वाटणीचंही तुम्हीच बोलून टाकायचात, त्यामुळं चाललं. आता मला बोलायला लागतंय.

शर्यत मी पूर्ण केली. ते आधी सांगून टाकतो. बाकीचं त्यामानानं अवघड आहे.

सुरुवात झाली ती गेल्या दिवाळीत, घोडेगावला, आपल्या सासुरवाडीच्या ओसरीवर. धाकटा मेव्हणा पुण्याहून आलेला. त्याच्या कंपनीतल्या कुणी साहेबानं ट्रायथलॉन केली म्हणून कौतुक चाललेलं. आधी समुद्रात दोनेक किलोमीटर पोहायचं, अंग पुसायच्या आत सायकलवर बसून नव्वद किलोमीटर जायचं, आणि उतरलं की एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दमात, ठरलेल्या वेळात. तुम्ही करंजी मोडता मोडता म्हणालात, "मंग त्यात काय यवढं? पवायला आमी विहिरीत शिकलो, शाळेला सायकल दामटीत गेलो, अन् पळायचं म्हणशील तर उसात बिबट्या दिसू दे, आमचं समदं डिंगोरे गाव पळतं." सगळी ओसरी हसली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, वय बघा आता." तो तुम्हाला म्हणाला, पण लागलं ते मला.

साडूसाडूंमध्ये असतं ते आपल्यातही होतंच. कुणाचं घर आधी झालं, लग्नात कुणाला पुढच्या खुर्चीवर बसवलं, सासऱ्यांनी कुणाचा फेटा जास्त झोकात बांधवून घेतला. तुम्ही ते सगळं हसण्यावारी न्यायचात. मी न्यायचो नाही, फक्त तसं दाखवायचो. त्या रात्री अंगणात हात धुताना मी म्हणालो, "भाऊ, करू या आपण."

"मास्तर, चेष्टा व्हती ती."

"माझी नाही."

तुम्ही हात पुसलेत. मग म्हणालात, "बरं. पण मोडायचं न्हाई मधी." तुम्हाला यात मीच ओढलं, हे घाटावर कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटतं तुम्हीच मला ओढलंत, कारण तुम्ही तसे होतात आणि मी असा.

पिंपळगाव जोग्याच्या धरणात पहिल्यांदा उतरलो तो दिवस आठवतो? समोरच्या काठावरची एक बाभूळ नजरेत धरून मी निघालो. हात मारतोय, मारतोय, काठ जवळ येतोय, मनातून खूश. मान वर केली तर समोर आपल्याच दोन सायकली उभ्या. आणि तुम्ही पोट धरून दगडावर बसलेले.

"आलात का गावाला जाऊन?"

मला कळेना काय झालं. तुम्हाला बघितल्या बघितल्या कळलं होतं. "मास्तर, तुमी विहीर सोडून आलात, पण विहिरीनं तुमाला सोडलं न्हाई. भूगोल शिकवताय अन् दिशा कळंना व्हय?" मी ज्या विहिरीत शिकलो ती गोल. पाठीला डबा बांधून थोरल्या भावानं ढकललं, ते भिंतीच्या कडेकडेनं फिरत राहिलो. सगळं लहानपण एकाच अंगाला वळत पोहलो. आता समोर एवढं मोकळं पाणी असलं तरी अंग आपलं डावीकडं वळायचंच. तुमची डिंगोऱ्याची विहीर चौकोनी, बांधीव. "आमाला कोपऱ्यापतोर सरळच जावं लागतं," असं तुम्ही ऐटीत सांगायचात, जणू ती विहीर तुम्हीच खणलीत.

त्याच दिवसापासून तुम्ही माझ्या डाव्या अंगाला पोहायला लागलात. मी वळलो की माझं कोपर तुमच्या खांद्याला लागायचं आणि तुम्ही मला खांद्यानं परत सरळ करायचात. बैल तासात ठेवतात तसं. पावसाळा सरेपर्यंत तुमच्या खांद्यावर एक काळानिळा डाग कायमचाच झाला होता. शैलाताईंनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "मास्तर मारतो मला." त्या मला म्हणाल्या, "दाजी, जरा दमानं मारा." आपण तिघं हसलो होतो.

पळायचं मात्र आपलं भांडणाचं. मला वाटायचं, पुस्तकात दिलंय तसं वेळापत्रक असावं, एक दिवस लांब, एक दिवस थोडं. तुम्ही म्हणायचात, गाईची धार झाली की पळायचं आणि दुसऱ्या धारेच्या आत परत यायचं, हेच वेळापत्रक. मी ती ताकदीच्या जेलची चिकट पाकिटं मागवली होती, पळताना खायची. तुम्ही एक चाखलंत आणि थुंकून टाकलंत. "ह्यापरीस वासराची पेंड बरी." खिशात गूळ-शेंगदाणे घेऊन पळणारा तुमच्यासारखा माणूस जगात दुसरा नसेल. शेंगदाणे पळता पळता घशात अडकतात, हे मी चार वेळा सांगितलं. तुम्ही पाचव्यांदाही खाल्लेत. तो वाद तसाच राहिला. शर्यतीत मी ती पाकिटंच खाल्ली, भाऊ. चव खरोखर वाईट आहे.

आणि कॅनॉलचा रस्ता. दोन्ही बाजूंनी ऊस, त्यामुळं तिथं पहाटे एकट्यानं कुणी जात नाही. दोघं पाहिजेत आणि आवाज पाहिजे. तुम्ही कमरेला फोन लटकवून मोठ्यानं गौळणी लावायचात. मी म्हणायचो, पहाटे पहाटे हे ऐकून बिबट्या माळ घालील. तुम्ही म्हणायचात, "घालू दे. लावणी लावली तर हितंच मुक्काम करील राव."

आता कॅनॉलच्या रस्त्यावरच्या त्या मोरीवर येतो.

श्रावण चालू असेल. मोरीच्या अलीकडं तुमचा वेग पडला. मी पुढं गेलो आणि गौळणीचा आवाज मागं राहिला म्हणून वळलो. तुम्ही मोरीच्या कठड्यावर बसला होतात आणि डावा हात उजव्या हातानं चोळत होतात. छातीवर काहीतरी ठेवल्यागत जड वाटतंय, म्हणालात. "रात्री भरीत लई झालं. पित्त असंल." तुमच्या कपाळावरचा घाम पळण्याचा नव्हता. हे मला तेव्हा कळलं, नंतर नाही.

मी म्हणालो, "दाखवून घ्या एकदा."

"शर्यत झाली की दाखवू. घरी बोलू नका, पावणं. शैला पळणंच बंद करील."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते सांगतो, कारण ते मलाच माहीत आहे. तुम्ही थांबलात तर कॅनॉलवर मला बरोबर कोण, हे त्यात होतं. धरणात डाव्या अंगाला कोण, हेही होतं. कॉलेजात सगळ्यांना सांगून बसलोय, मेव्हण्याला फोटो पाठवलेत, आता तोंडघशी पडू, हेही होतं. तुमची काळजीही होती, नव्हती असं नाही. पण ती रांगेत शेवटी उभी होती.

मग माळशेजचा घाट. धुकं एवढं की पुढचं वळण दिसत नव्हतं, आणि सहलीला आलेली पोरं गाड्यांमधून आपल्याकडं बघून ओरडत होती, "काका, ढकलू का?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तुम्ही, आणि उत्तर नाही! दोन वळणांनंतर उतरलात, सायकल कठड्याला टेकवलीत आणि वाकून बसलात.

"चेन उतरली," म्हणालात.

चेन उतरली नव्हती. मी शेजारी उभा होतो, मला दिसत होती. दातांवर नीट बसलेली, ग्रीस लावलेली. तुम्ही तिच्यावर नुसता हात धरून श्वास घेत होतात. मीही वाकलो. आणि थोड्या वेळानं विचारलं, "बसली का चेन?"

"बसली," म्हणालात. आपण पुढं निघालो.

मोरीवर तुम्ही गप्प राहायला सांगितलंत आणि मी राहिलो, ते एक वेळ समजावता येईल. घाटात मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तुमचं खोटं तुमच्याबरोबर उचलायला मी आपण होऊन वाकलो. रात्री डोळे मिटले की मला मोरी दिसत नाही, ती चेन दिसते.

तुम्ही गेलात त्या पहाटे मी कॅनॉलच्या पुलावर उभा होतो. गौळण ऐकू येईना. वाट बघून वैतागलो आणि मेसेज टाकला, "काय भाऊ, दमलात काय आत्ताच?" एकट्यानं पळणार नव्हतोच, घरी वळलो. पाठोपाठ मंदाचा फोन आला. तुम्ही गोठ्यात, धारेला बसलेले असतानाच गेलात. तुमच्या थोरल्यानं नंतर तुमचा फोन बघितला असेल, तर तो मेसेज त्यानं वाचला असेल. मला कधी काही म्हणाला नाही.

शर्यत तीन आठवड्यांवर होती. मंदा म्हणाली, "आता कशाला?" मी म्हणालो, दशरथभाऊंसाठी. सगळ्यांना ते पटलं. तुम्हाला पटलं नसतं. धरणाच्या काठी अंग वाळवताना तुम्ही मला एकदा विचारलं होतंत, "मास्तर, खरं सांगा, तुमी कुणासाठी पळताय?" आणि मी विषय बदलला होता. तुमच्यासाठी मी गेलो नाही, भाऊ. गेलो नसतो तर घरी बसून तुमचाच विचार करावा लागला असता, म्हणून गेलो.

समुद्र मला आवडला नाही. खारं पाणी, तळ दिसत नाही, आणि चारी बाजूंनी माणसं हातपाय मारतायत. थोड्याच वेळात मी डावीकडं गेलो. पाण्यावर वाट दाखवणारे पिवळे फुगे एकीकडं, मी एकीकडं. कोपर लागेल म्हणून वाट बघत होतो, ते लागेना. शेवटी छोट्या होडीतली एक मुलगी वल्हवत आली. "काका, कुठं निघालात? फुगे तिकडं आहेत!" मी दम घेत म्हणालो, "मला डावीकडं जायची सवय आहे." तिला काय कळलं कुणास ठाऊक. म्हणाली, "मग मी या बाजूला राहते थोडा वेळ. तुम्ही होडी बघा नि चला." ती डाव्या अंगाला राहिली आणि मी सरळ गेलो. ओळख ना पाळख, माणूस चुकतोय हे दिसलं म्हणून ती आली आणि तोंडावर सांगितलं. काम एवढंच होतं.

सायकलचं सांगण्यासारखं काही नाही. चढ आला की मी मुद्दाम चेनकडं बघत नव्हतो.

पळताना मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला फार लागली. रस्ता मोकळा, दोन्हीकडं सुरूची झाडं, ऊस नाही, बिबट्या नाही. मी एकटा पळत होतो आणि एकट्यानं पळता येत होतं. मग मनात आलं, कॉलेजचं मैदान होतं की. संध्याकाळी तिथं गोल गोल पळालो असतो तर बिबट्या काय आडवा आला असता? तुम्ही नसलात तर माझं अडेल, हे मी स्वतःला सांगत होतो. अडणार काही नव्हतं. मला सोबत हवी होती, एवढंच. रोज पहाटे माझ्या वाटणीचं बोलणारा माणूस हवा होता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "मंग ओट्यावर या की राव चहाला, पळायचं काय अडलंय?"

पोटऱ्या आवळल्या, शेवटचा टप्पा बराचसा चाललो. पण वेळेत पोचलो. माईकवरच्या पोरानं माझं आडनाव चुकीचं पुकारलं. आणि भाऊ, मला आनंद झाला. लपवत नाही. मोठा, बिनकामाचा, लहान पोरासारखा आनंद झाला. मी खुर्ची मागून घेतली, केळं खाल्लं आणि तुम्ही तोवर आठवलाही नाहीत. आठवलात तेव्हा केळं संपलं होतं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी डिंगोऱ्याला गेलो. मेडल बरोबर नेलं नाही. शैलाताई कांदा साठवायच्या बराखीपुढं बसून उरलासुरला कांदा निवडत होत्या, चांगला एका बाजूला, सडका एका बाजूला. मी समोर बसलो आणि निवडायला लागलो.

"झाली म्हणं तुमची शर्यत. मंदीचा फोन व्हता."

"झाली."

"बरं झालं. त्यान्ला आनंद झाला असता."

मग मी सांगितलं. मोरी सांगितली, घाट सांगितला. चेन सांगितली. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. त्यांचे हात थांबले ते चेनपाशी.

"चेन उतरली न्हवती?"

"नाही."

"त्या दिशी घरी आले ते चिंब घामेजलेले. मी म्हणलं, यवढा घाम? म्हणले, घाट व्हता." त्यांनी एक कांदा उचलला, दाबून बघितला, परत तिथंच ठेवला. "मी पण मंग काय बोलले न्हाई."

मला वाटलं त्या रडतील, किंवा मला हाकलतील. दोन्हीला मी तयार होतो. त्या माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "मंग आता मी ह्याचं काय करू, दाजी? तुमी सांगून मोकळं झालात. मी हे कुठं ठिवू?"

सांगून मोकळं व्हायला मी गेलो होतो, हे त्यांना बसल्या जागी कळलं. पहिल्या दिवशी धरणात तुम्हाला माझं वळणं कळलं होतं, तसंच.

निवडता निवडता ढीग सरत आला. मी उठायचं म्हणत होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मोटार पाणी उचलंना. खाली पाइपाच्या तोंडाला पाला बसलाय. रोपं वाळायला लागलीत. थोरला नारायणगावला गेलाय, अन् त्याला बुडी येत न्हाई." एक सडका कांदा बाजूला टाकून म्हणाल्या, "दर साली तेच उतरायचे."

मी शर्टाची बटणं काढायला लागलो.

"थांबा. आदी फ्यूज काढून येते."

त्या फ्यूज काढून आल्या आणि तो माझ्यासमोर हातात धरून दाखवला, मग कमरेला खोचला. गोठ्यातून कासरा आणला. विहिरीत एकट्यानं उतरायचं नाही, वर एक जण पाहिजे आणि त्याच्या हातात दोर पाहिजे, हे आपल्याकडं कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी कासरा माझ्या कमरेला बांधला. गाठ जोरात आवळली. जरा जास्तच.

तुमची विहीर भरलेली होती. पाइप धरून मी खाली गेलो, अंधारात हातानं चाचपून पाला ओढून काढला, एक प्लॅस्टिकची पिशवीही निघाली. वर आलो, दम घेतला, पुन्हा गेलो. शेवटी पायऱ्यांकडं निघालो. समोरच्या कोपऱ्यात पायऱ्या, मध्ये थोडंसंच पाणी, आणि तेवढ्यातही माझं अंग डावीकडं वळायला लागलं.

कमरेला ओढ लागली. उजवीकडून.

मी वर बघितलं. शैलाताई काठावर उभ्या होत्या. चेहरा होता तसाच. पण कासऱ्याचा वेढा त्यांनी मनगटाला मारून घेतला होता, आणि मी पायरीला हात लावेपर्यंत तो सैल सोडला नाही.